आजींची गोळी आणि नऊचा पेग

पस्तीस वर्षं सोलापुरात औषधाच्या दुकानात उभा आहे. काउंटरवर सगळ्यांत हळू आवाजात मागितली जाणारी वस्तू म्हणजे झोपेची गोळी. या महिन्यात आलेल्या पत्रांतली सहा पत्रं तिच्याचबद्दल होती, म्हणून सर्दी-खोकल्याची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : काका, आमच्या सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. बारा वर्षांपासून रात्री डायझेपाम 5 मिलिग्रॅमची एक गोळी घेतात. गोळी तीच, कंपनी तीच. पण गेले दोन महिने सकाळी अकरापर्यंत त्या गुंगीत असतात, बोलताना जीभ जड होते. गेल्या आठवड्यात पहाटे तीनला पाणी आलं म्हणून घागर घ्यायला उठल्या आणि मोरीत पडल्या. हाड मोडलं नाही एवढंच. नवरा म्हणतो, वय झालं. मला तसं वाटत नाही. — एक सून, साखर पेठ

उत्तर : ताई, तुम्ही दोघंही बरोबर आहात. वयच झालंय, पण ते गुडघ्यांचं नाही, यकृताचं.

आधी घरातली गोष्ट सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. 1996 सालची संक्रांत. गड्ड्याची जत्रा भरलेली. आमचे अण्णा तेव्हा 73 वर्षांचे. सगळी उमर मिलमध्ये तिसऱ्या पाळीत गेल्यामुळं रात्रीची झोप त्यांना कधी लागलीच नाही. रात्रभर उठबस, दिवे लाव, दिवे घालव. मी म्हटलं, घरचंच दुकान आहे. कुणाला न विचारता डायझेपाम 5 चालू केली. पहिल्या रात्री अण्णा घोरले, सगळं घर खूश. आठ दिवस असे सुखात गेले. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी डावी चप्पल उजव्या पायात घातली, बशीत ओतलेला चहा तोंडाऐवजी धोतरावर सांडला आणि माझ्याकडं बघून हसले. ते हसू मला अजून दिसतं. मला वाटलं, पक्षाघात झाला. रिक्षात घालून फिजिशियनकडं नेलं. त्यांनी हात-पाय उचलायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला विचारलं, "काय देतोयस रे यांना?" मी सांगितलं, एकच गोळी. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर आकडेमोड केली आणि म्हणाले, "एक नाही देत तू. चार देतोयस."

ती आकडेमोड तुम्हीही करू शकता. आपल्या घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. रोज रात्री तिच्यात एक बादली ओतायची आणि खालच्या बारीक तोटीतून दिवसभर पाणी जाऊ द्यायचं. तोटी मोठी असेल तर रात्रीपर्यंत टाकीत फारसं उरत नाही. तोटी बारीक झाली तर कालचं उरतं, परवाचं उरतं, वर आजची बादली. औषधाच्या भाषेत शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ मोजतात. डायझेपामचा हा वेळ वयाबरोबर कसा वाढतो, हे अमेरिकेत नॅशव्हिलच्या डॉक्टरांनी 1975 साली मोजून छापलं. विशीतल्या माणसात सुमारे 20 तास, ऐंशीच्या घरात सुमारे 90. म्हणजे ढोबळ हिशेब असा, की वयाची जितकी वर्षं तितके तास. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत उपयोगी पाढा हाच.

तो लावून बघा. पंचविशीतल्या पोरानं रोज एक गोळी घेतली तर काही दिवसांनी अंगात जास्तीत जास्त दोन गोळ्यांइतकं औषध साठतं. त्यावर वाढत नाही, कारण रोज जेवढं येतं तेवढं जातं. अण्णांच्या वयाला हाच साठा पाच गोळ्यांच्या जवळ पोचतो, आणि तो एका रात्रीत होत नाही, दोनेक आठवडे लागतात. नवव्या दिवशी ते चारच्या पुढं गेले होते. पहिल्या आठवड्यात सगळं गोड वाटतं ते म्हणूनच. वर डायझेपाम मोडून यकृतात जो पदार्थ तयार होतो, तोही गुंगी आणणाराच आणि मूळ औषधाहून जास्त दिवस टिकणारा. त्याचा साठा वेगळा.

असं का होतं? म्हातारपणी अंगातलं पाणी आणि स्नायू कमी होतात, चरबीचा वाटा वाढतो. माणूस वाळलेला दिसला तरीसुद्धा. डायझेपाम चरबीत विरघळणारं, ते तिथं दडून बसतं आणि हळूहळू रक्तात येत राहतं. दुसरीकडं यकृत लहान होतं आणि त्याच्याकडं जाणारं रक्तही घटतं. तिसरी गोष्ट मेंदूची. रक्तात औषध तेवढंच असलं तरी म्हाताऱ्या मेंदूवर ते जास्त परिणाम करतं. तोल आधी जातो, मग आठवण. म्हणून वयस्करांना शक्यतो या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जगभरचे वृद्धरोगतज्ज्ञ सांगतात. पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हे त्यामागचं मोठं कारण.

पण मग बारा वर्षं काही झालं नाही आणि दोन महिन्यांतच का, हा तुमचा खरा प्रश्न. तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी आणि सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल दिलं.' तुम्ही ती सहज लिहिलीत, मी ती तीनदा वाचली. ओमेप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, यकृतातल्या त्याच यंत्राला अडवते ज्याच्यावर डायझेपाम मोडतं. आधीच बारीक असलेल्या तोटीत बोळा बसला. हेच घडलं असण्याची मला दाट शंका आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांना झोपेची गोळी कुणी सांगितलीच नसेल, कारण ती 'नेहमीची' आहे. नेहमीच्या गोष्टी आपण सांगत नाही.

आता करायचं काय? गोळी एकदम बंद करू नका. बारा वर्षांची गोळी एका रात्रीत काढली तर झोप जाते, हात थरथरतात, कधी फिटही येते. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून फॅमिली डॉक्टरांकडं जा आणि दोन गोष्टी विचारा: ॲसिडिटीची गोळी बदलता येईल का, आणि डायझेपाम टप्प्याटप्प्यानं कमी करता येईल का. साधारण दोन-दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत नेतात, त्याला महिने लागतात. झोपेची गोळी लागलीच, तर लोराझेपामसारखी निवडता येते का, हेही विचारा. तिला मोडण्याची यकृतातली वाट वेगळी आहे आणि ती वयामुळं फारशी बिघडत नाही. पण लोराझेपाम घेतली म्हणजे पडणार नाही असं नाही. तोल तीही घालवते.

आणि घागर. पाणी काही दिवसांआड आणि रात्री-अपरात्री येतं, हे मला सांगायला नको, मीही याच गावात राहतो. पण गोळी कमी होईपर्यंत पाण्याला तुम्ही उठा किंवा नवऱ्याला उठवा. त्यांनी 'वय झालं' हे निदान केलंच आहे, तर उपचारही त्यांनीच करावा.

प्रश्न : मी 52 वर्षांचा, यंत्रमागाचा धंदा. रात्री नऊला तीन पेग, जेवण, आणि बाराला अल्प्राझोलॅम 0.5. दारू आणि गोळीत तीन तासांचं अंतर ठेवतो. मित्र म्हणतात, अंतर ठेवलं की काही होत नाही. सकाळी सहाला अक्कलकोट रोडला कारखान्यावर गाडी चालवत जातो. बरोबर आहे ना? — एक कारखानदार

उत्तर : नाही मालक. तुम्ही अंतर घड्याळात ठेवलंय, अंगात ते पडलेलंच नाही.

तुमचे पेग मोठे, 60 मिलीचे, असं धरतो. तीन म्हणजे 180, म्हणजे एक क्वार्टर. आपल्याकडच्या व्हिस्कीत 42.8 टक्के मद्यार्क असतो, त्या हिशेबानं तुमच्या पोटात सुमारे 60 ग्रॅम मद्यार्क गेला. तब्येतीच्या माणसाचं यकृत तासाला साधारण 7 ते 8 ग्रॅम मोडतं. हे काम म्हणजे रेल्वे स्टेशनवरची एकच खिडकी: रांग पाच जणांची असो की पन्नासांची, आतला माणूस त्याच वेगानं तिकीट फाडणार. कॉफी पिऊन, आंघोळ करून, लिंबू चोखून त्याचा हात चालत नाही. साठाला साडेसातनं भागा. आठ तास. नऊला सुरू केलेली दारू पहाटे पाच-सहापर्यंत अंगात असते. बाराला गोळी टाकता, तेव्हा निम्म्याहून जास्त दारू रक्तातच आहे.

आणि वय इथंही येतं. तिशीत याच तीन पेगांनी जेवढं चढायचं त्याहून आता जास्त चढतं, कारण अंगातलं पाणी कमी झालंय आणि दारू पाण्यातच पसरते. बायकांना तेवढ्याच दारूत जास्त चढते, त्याचंही एक कारण हेच. ग्लास तोच, पण ओतायची घागर लहान झाली.

आता दोघांची गाठ कुठं पडते ते बघा. एक म्हणजे यकृतात. दारू हजर असताना डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड अशा गोळ्या मोडायचं काम मंदावतं. पण मोठी गाठ मेंदूत पडते. मेंदूला शांत करणारा गाबा नावाचा एक रासायनिक निरोप असतो. गोळी त्याचा आवाज मोठा करते आणि दारूही त्याच बटणावर बोट ठेवते. दोन्ही मिळून श्वासाचा वेग खाली आणतात. झोपेत उलटी झाली तर खोकून बाहेर टाकायची ताकद राहत नाही. तुम्ही घोरता का, हे वहिनींना विचारा. घोरताना श्वास अडकत असेल तर धोका आणखी मोठा.

सकाळी सहाचं गणित वेगळं मांडतो. अल्प्राझोलॅम निम्म्यावर यायला चांगल्या तब्येतीत सुमारे 11 तास लागतात, म्हातारपणी 16, आणि दारूनं यकृत बिघडलेल्या माणसात 20 च्या आसपास. तुम्ही या तिन्हींत कुठं बसता, ते तुमचं यकृत तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण अगदी पहिल्या गटात असलात तरी सहा वाजता निम्म्याहून जास्त गोळी रक्तात आहे, आणि तुमच्या पुढं ऊस भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली दिव्यांशिवाय चालली आहे.

'झोपेची गोळी बदलून छोटी घेऊ का?' असंही तुम्ही विचारलंय. झोल्पिडेम निम्म्यावर यायला दोन-अडीच तासच लागतात, हे खरं. पण दारूबरोबर घेतली की माणूस झोपेतच उठतो, स्वयंपाकघरात जातो, गाडीची किल्ली घेतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. दारूच्या रात्री झोपेची कुठलीही गोळी नको. आणि पेगशिवाय झोपच येत नसेल तर तो प्रश्न गोळीचा नाही. रोज पिणाऱ्यानं मात्र दारू अचानक सोडू नये. का, ते खालच्या उत्तरात आहे.

प्रश्न : आमचे हे 58 वर्षांचे. पंचवीस वर्षं रोज पितात. पूर्वी दोन-दोन झोपेच्या गोळ्या घेऊन टक्क जागे असायचे. एकदा ऑपरेशनला भूलही जास्त लागली होती. आता पोटात पाणी झालंय, डोळे पिवळे. दवाखान्यात झोपेची अर्धीच गोळी दिली तर दोन दिवस उठले नाहीत. दीर म्हणतात, गोळी चुकीची दिली, भांडू या. तुम्ही सांगा. — एक गृहिणी, विडी घरकुल

उत्तर : वहिनी, न भेटता गोळी चूक की बरोबर हे मी सांगणार नाही. पण दोन गोळ्यांनी न झोपणारा माणूस अर्ध्या गोळीनं दोन दिवस झोपतो, यात चमत्कार काही नाही. दारूनं आधी एक केलं आणि मग बरोब्बर उलटं केलं.

पहिली काही वर्षं रोजच्या दारूमुळं यकृत तिला मोडणारी यंत्रं वाढवतं. जशी एखाद्या कारखान्यात मागणी वाढली म्हणून मागांची संख्या वाढवावी. ती वाढलेली यंत्रं फक्त दारूच मोडत नाहीत, काही औषधंही झपाट्यानं मोडतात. शिवाय मेंदूही सरावलेला असतो. दारू आणि या गोळ्या एकाच दारावर ठोठावतात म्हणून सांगितलं ना. त्या दाराला ठोठावणं ऐकू येईनासं होतं. तेव्हा दोन गोळ्या फुकट जातात, भूल जास्त लागते.

मग यकृतात वण पडायला लागतात. मागांचा एकेक शेड बंद होतो. आपल्या गावाला हे चित्र नवीन नाही, भोंगे बंद झालेले आपण बघितलेत. डोळे पिवळे आणि पोटात पाणी म्हणजे बरेच शेड बंद झाले. वर ज्या 1975 च्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यातच दारूनं यकृत सुरकुतलेल्या रुग्णांमध्ये डायझेपाम निम्म्यावर यायला सरासरी 106 तास लागले, त्याच वयाच्या निरोगी माणसांना 47. 106 तास म्हणजे चार दिवसांहून जास्त. अर्धी गोळी दोन दिवस का पुरली, ते यात आलं.

दुसरी भीती याहून मोठी. यकृत असं झालं की आतड्यातला अमोनिया आणि इतर घाण रक्तातून मेंदूपर्यंत जाते. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, बडबडतो, हात पुढं धरायला सांगितले तर पंजे पंखासारखे फडफडतात. अशा वेळी झोपेची लहानशी गोळीही माणसाला बेशुद्धीत ढकलू शकते. भांडायला जायच्या आधी दीरांना एक काम सांगा. डॉक्टरांना विचारायचं: नुसती गोळीची गुंगी होती, की यकृतामुळं मेंदूवर परिणाम होता, आणि पुढं काय काळजी घ्यायची? घरी आल्यावर त्यांना दिवसातून दोन-तीनदा शौचाला साफ व्हायला हवं. त्यासाठी दिलेलं गोड पातळ औषध 'जुलाब होतात' म्हणून बंद करू नका. जुलाबासाठीच दिलेलं असतं ते.

आता ते पित नाहीत, असं लिहिलंत. चांगलं आहे. पण ज्या घरात कुणी अजून रोज पितं, त्यांच्यासाठी: घरच्या घरी शपथ घालून, कोंडून दारू तोडू नका. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम. भिंतीवर किडे दिसतात, घाम सुटतो, जीवही जातो. गंमत अशी की त्यावरचं औषध हीच जात: क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, आणि यकृत खराब असेल तर लोराझेपाम. पण ते देणाऱ्याच्या हातात रक्ताचा रिपोर्ट असतो, दिराच्या हातात बाटली नव्हे.

प्रश्न : रात्री चुकून दोन गोळ्या गेल्या तर सकाळी ताक, लिंबूपाणी किंवा भरपूर पाणी पिऊन उतरतात का? — विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : नाही. लघवीला होईल, एवढंच. या गोळ्या आधी यकृत मोडतं, मग त्यांचे तुकडे लघवीतून जातात. पाणी पिऊन यकृताला घाई होत नाही. माणूस हलवून जागा होत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडत असतील तर ताक करत बसू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. पाकीट बरोबर न्या.

प्रश्न : काका, ताडी तर झाडाची. तिच्यावर गोळी घेतली तर काय होणार? — अशोक चौक

उत्तर : झाडावरून उतरलेली नीरा झाडाची. तुमच्या ग्लासात येईपर्यंत ती कुणाकुणाची झालेली असते, ते सांगता येत नाही. शेजारच्या तेलंगणात अल्प्राझोलॅम मिसळलेली ताडी कितीदा तरी पकडली गेली आहे. दुसरं मिसळतात ते क्लोरल हायड्रेट. 1869 साली झोपेचं औषध म्हणून वापरात आलेला हा पदार्थ. त्याची आणि दारूची जोडी तर खास वाईट. दारूमुळं क्लोरलचं गुंगी आणणारं रूप अंगात जास्त तयार होतं, आणि ते रूप दारू मोडायचं काम अडवतं. दोघं एकमेकांची वाट अडवून उभे. त्यावर तुमची गोळी. ग्लासात आधीच एक असेल, तर तुम्ही दुसरी घेताय.

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या भावाला तुम्ही अल्प्राझोलॅमचं पाकीट दिलं नाही. चिठ्ठी होती. सगळ्या दुकानांत मिळतं, तुम्हीच फार शहाणे का? — नाव नको

उत्तर : चिठ्ठी होती, 2019 ची, आणि वडिलांच्या नावाची. 1 मार्च 2014 पासून ही औषधं एच-वन यादीत आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या कडक यादीत. पाकिटावर लाल चौकट असते ती त्याचीच. मला रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं ठेवावी लागते. वहीत कुणाचं नाव लिहू, हे मी तुमच्या बंधूंना विचारलं, तर म्हणाले, "कुणाचंबी लिवा की." तोंडाला वासही येत होता. वडील असतील तर त्यांना घेऊन या, चहा माझ्याकडं.